सरकत्या भिंतींची कचेरी

एका संस्थानात व्यंकोजीपंत नावाचे एक कारभारी होते. त्यांनी मोठ्या हौसेनं एक नवलाची कचेरी बांधून घेतली. आतल्या सगळ्या भिंती लाकडी आणि खाली चाकं. वाटेल तेव्हा दालन मोठं करावं, वाटेल तेव्हा लहान. बसायचं होतं कारकुनांना. पण त्यांना विचारतो कोण?

पंत रोज सकाळी नोकरांकरवी भिंती हलवून घेत. आपली बैठक आज कुठे आहे, हे शोधताना कारकुनांच्या नाकी नऊ येत. म्हातारे बहिरंभट कागदांच्या नकला करत. त्यांचे डोळे अधू, म्हणून खिडकीजवळ बसत. पंतांनी त्यांना अंधाऱ्या कोपऱ्यात ढकललं. बहिरंभटांनी धीर करून गाऱ्हाणं मांडलं, तर पंत म्हणाले, "भिंती माझ्या सोयीनं सरकतात. तुम्ही कागदाकडे पाहा." त्यानंतर कुणी ब्र काढला नाही.

एका दुपारी पंत आपल्या खोलीत एकटेच बसले होते. बाहेर बोरू कुरकुरत होते. एकाएकी पाठीमागची भिंत वीतभर पुढे आली. ढकलणारं कुणीच नव्हतं. पंतांनी तिला मागे रेटून पाहिलं. लाकूड हाताला कोमट लागलं, गाईच्या पाठीसारखं. मग डावी भिंत सरकली, मग उजवी, अगदी सावकाश. दार भिंतीआड गेलं. पंतांचे गुडघे छातीला टेकले आणि त्यांची पाचावर धारण बसली. ते ओरडू लागले. नोकरांनी बाहेरून पहारी लावल्या, तरी भिंती मागे हटेनात, आणि आतली जागा कमीच होत होती.

तेवढ्यात बहिरंभटांचा आवाज आला. त्यात रागाचा लवलेश नव्हता.

"पंत, कुठली भिंत कुठे हवी तुम्हाला?"

त्या कचेरीत हा प्रश्न आजवर कुणी कुणाला विचारलाच नव्हता. पंतांना रडू फुटलं. "दाराकडची तेवढी मागे घ्या," ते कसंबसं म्हणाले. कुणी हात लावला नाही, पण भिंत मागे गेली.

घामानं निथळत पंत बाहेर आले ते थेट बहिरंभटांपाशी जाऊन बसले. तुम्हाला कुठे बसायला आवडेल, असं त्यांनी विचारलं. मग दुसऱ्याला विचारलं, तिसऱ्याला विचारलं. कुणाला उजेड हवा होता, कुणाला शांतता, दोघा भावांना एकमेकांचा शेजार. ज्यानं त्यानं सांगावं आणि त्याची भिंत आपोआप सरकावी.

शेवटच्या कारकुनाला विचारून झालं, तरी कुठेतरी चाकांची खरखर चालूच होती. पंत आवाजाच्या मागोमाग गेले. मागच्या दाराशी पाणी भरणारी भागाई उन्हात उकिडवी बसली होती. पंतांनी तिलाही विचारलं. तिला आधी खरंच वाटेना.

"घागरी उतरवल्यावर पाठ टेकायला हातभर भिंत हवी, सरकार," ती म्हणाली.

एक भिंत सरकत आली आणि तिच्या पाठीशी थांबली. चाकांची खरखर थांबली. भागाईनं डोळे मिटले आणि पंत पाय न वाजवता आत गेले.

तात्पर्य: जागा हवी तशी बदलता येते म्हणून बदलू नये, तिथे ज्यांना दिवस काढायचे आहेत, त्यांना आधी विचारावं, आणि विचारताना कुणालाही वगळू नये.