भाकरखडपावरचे बूट

त्या दिवशी जमिनीवरून येणारा मतलई वारा पहाटेच पडला होता. माघातली थंडी, होडीच्या फळ्या दवानं ओल्या, आणि समुद्र असा गप्प की वल्ह्यावरून ठिबकणारं पाणी ऐकू यावं. अमावस्या होऊन दोन दिवस झाले होते. असल्या दिवसांत सकाळची ओहोटी खोल जाते. बेटाचा एरवी बुडालेला काठ तेवढ्यापुरता वर येतो, आणि दीड तासात परत जातो.

“पण ह्या मला शिकवणार काय?”

आल्हादनं हे मला विचारलं, हळू आवाजात. पण होडी ती केवढी. पुढं बसलेल्या द्वारकावयनीनं ऐकलंच.

वयनी म्हणजे माझी शेजारीण. आमच्या दोघांच्या अंगणांमधे एक दगडी गडगा आहे, छातीएवढा. साठ वर्षं ती ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडपांवरून शिंपल्यांतली कालवं काढते आहे. हातात लोखंडी टोचा, पाठीला टोपली, पाय अनवाणी. मी तिला होडीतून नेतो आणतो.

आल्हाद विद्यापीठातला. सहा वर्षं त्यानं एकच काम केलं होतं. बेटांच्या भोवती पाण्यात जे तपकिरी शेवाळ वाढतं, त्याच्या जाती किती, ते शोधायचं. लक्षद्वीपची चार बेटं पाहिली, अंदमानातली सहा. शेवटचं राहिलं होतं आमचं भाकरखडप. बेट कसलं, भाकरीसारखा सपाट कातळ आणि मधे चार केवड्याची बनं.

त्याच्या मॅडमनी भाकरखडपाची यादी दोनदा परत केली होती. तिसऱ्यांदा परत आली तर शिमग्यानंतर त्याची विद्यापीठातली जागा जाणार होती. सहा वर्षं पाण्यात. मॅडमनी वर एक चिठ्ठी लिहून दिलेली. ‘तिथं कालवं काढणारी कुणी बाई असेल. तिच्याबरोबर जा.’

हे त्याला फार लागलं होतं.

“आजी,” तो म्हणाला, “माझ्याकडे सत्तावीस जाती आहेत. मॅडम तरुण असताना त्यांनी ह्याच बेटावर आठ मोजल्या होत्या. आठ! मी सत्तावीस आणल्या, म्हणून त्यांना खरं वाटत नाही.”

वयनीनं त्याच्या मांडीवरच्या पेटीकडे पाहिलं. आत कागदाची पाकिटं होती, प्रत्येकात एकेक शेवाळ सुकवून दाबलेलं, वर नंबर.

“ही खंय गावली?”

“पुळणीवर. भरतीनं टाकलेली. काही होडीतून गळानं ओढून काढली.”

“आणि त्या दुसऱ्या बेटांर?”

“तिथं मी स्वतः खडकावर उतरलो होतो.”

वयनी त्याच्या पायांकडे बघत होती. गुडघ्यापर्यंत काळे रबरी बूट, नवे, चकचकीत.

“ह्येच घालून?”

“मग काय अनवाणी जायचं?”

मी वल्हं मारत राहिलो.

बेटाला लागलो तेव्हा काठ उघडा पडला होता. शेवाळानं भरलेला, ओला, सोनेरी, कुठं गूळ सांडल्यासारखा, कुठं करपलेल्या दुधासारखा. मी होडी नांगरली आणि त्यांच्या मागोमाग उतरलो.

उतरल्या उतरल्या एक मोकळा पट्टा लागतो, अंगणाएवढा. आल्हाद तिथं उभा राहिला, इकडंतिकडं पाहून म्हणाला, “इथं काही नाही. पुढं चला.”

“काय नाय?”

“काही नाही. नुसता कातळ आहे.”

“बरा,” वयनी म्हणाली. “तर मग बूट थंयच ठेव.”

“कालवांची धार लागेल ना पायाला!”

“लागात.”

“आजी, माझ्याकडे वेळ कमी आहे.”

“पाण्याकडे त्याहून कमी आसा, झिला.”

आणि ती उभीच राहिली. टोपली पाठीला, टोचा काखेत. ती अशी उभी राहिली की तिला हलवता येत नाही, हे मला ठाऊक होतं. त्याला दोन मिनिटांत कळलं.

त्यानं बूट काढले. मोज्यांची गुंडाळी आत कोंबली आणि त्या मोकळ्या पट्ट्यावर दोन्ही बूट शेजारी शेजारी उभे केले, देवळाबाहेर ठेवावेत तसे.

“पेटी भिकाजीकडे दी.”

पेटी माझ्याकडे आली.

“आता डोळे मीट.”

“काय?”

“डोळ्यांनी सत्तावीस मोजलंस ना? झाला त्यांचा काम.”

मला हसू आलं. ते मी खोकल्यात घातलं. वयनीनं होडीतल्या काठीचं एक टोक त्याच्या हातात दिलं, दुसरं आपण धरलं, आणि आंधळ्याला न्यावं तशी त्याला घेऊन निघाली.

चौथ्या पावलाला तो आपटला. सपशेल. दोन बगळे उडाले.

“कोण ता?” वयनीनं विचारलं. हात दिला नाही.

त्यानं बसल्या बसल्या हातानं चाचपलं, डोळे मिटलेलेच, आणि एक लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं.

“तुका पाडल्यान कोणी, ता इचारतंय. त्येच्या आज्याचा नाव नको.”

त्यानं पुन्हा बोटं फिरवली, मग म्हणाला, “गुळगुळीत आहे. पातळ फिती. प्रत्येक फीत पुढं जाऊन दुभंगते.”

“हां. ता लोणी. त्या लोण्यान माझो हात मोडल्यान, लगीन झाला त्या वर्सा. चल.”

पुढं काहीतरी खरखरीत लागलं. त्याचा पाय थबकला.

“पंखे,” तो म्हणाला. “छोटे पंखे. वर चुना धरल्यासारखं.”

“पापडी. हिच्यार पडलंय तेव्हा माझो गोपाळ पोटात होतो.” वयनी जरा थांबली. “म्हणान तो असो वाकडो.”

आता तोही हसला. सकाळपासून पहिल्यांदा.

मग पोकळ गोळे लागले, पायाखाली दबून फुसकन फुटणारे. मग एक टोकेरी, राठ, पाय मागं घ्यायला लावणारं. मग एक केसांसारखं मऊ, डबक्याच्या काठाला. तो घसरत होता, सावरत होता, त्याच्या टाचेतून रक्त येत होतं. पण काठी त्यानं सोडली नाही, आणि डोळेही उघडले नाहीत. मी मोजत होतो. तिसऱ्यांदा पडला तेव्हा त्यानं आपणहून सांगितलं, “हे लोणी नाही. हे रुंद आहे, जाड आहे, वासही वेगळा आहे.”

“व्हय,” वयनी म्हणाली. एवढंच. पण ती कुणाला पटकन व्हय म्हणत नाही.

अगदी कडेला, जिथं लाट येऊन परत जाते, तिथं पायाखाली बारीक बारीक फुगे फटफट फुटायला लागले.

“हे मला पक्कं माहीत आहे!” त्याचा आवाज चढला. “ह्याच्या माझ्याकडे तीन जाती आहेत. अरुंद पानाची, मध्यम पानाची आणि रुंद पानाची. पाकीट चार, पाच, सहा.”

“बस खाली. शेंडो धर.”

त्यानं पाण्यात तरंगणारा एक शेंडा धरला.

“पान कसा?”

“अरुंद.”

“हात खाली ने. हळू. सोडू नको.”

त्याचा हात झाडावरून खाली गेला. मनगट बुडालं.

“आता?”

“मध्यम...” तो म्हणाला.

“आणखी खाली.”

कोपर बुडालं. खांदा टेकला. कातळाला जिथं ते शेवाळ बटणासारखं चिकटलेलं असतं, तिथं त्याची बोटं पोचली असावीत. 

“आता पान कसा?”

“...रुंद.”

लाट आली, त्याच्या तोंडावरून गेली. तो तसाच बसून होता.

“टोपी एका पाकिटात,” वयनी म्हणाली, “सदरो दुसऱ्यात, धोतर तिसऱ्यात. माणूस खंय गेलो, झिला?”

त्यानं डोळे उघडले. माझ्याकडून पेटी मागून घेतली आणि तिथंच, ओल्या कातळावर, पाकिटं काढायला लागला. हे वरचं, हे त्याचंच खालचं. हे वाऱ्याच्या बाजूला वाढलेलं, म्हणून बुटकं. हे आडोशाचं, म्हणून लांब. हे कोवळं. हे जून. एकेक पाकीट दुसऱ्यावर पडत गेलं. मी शेजारी उभा होतो. वयनी बाजूला कालवं काढत होती, टक टक.

शेवटी ढीग राहिले आठ.

त्यानं ढीग पुन्हा बोटानं मोजले.

“आठ,” तो म्हणाला. “मॅडमच्या आठ. त्याच आठ. नवीन काहीच नाही.”

टक टक थांबली नाही.

“सहा वर्षं, आजी.”

टक टक.

“म्हणजे तिसरी यादीही परतच येणार. जे आधीच माहीत होतं ते मी पुन्हा लिहून देणार. त्याला कोण ठेवून घेईल?”

वयनीनं टोपली उचलली. “पाणी फिरला,” ती म्हणाली. “बूट घेऊन ये. जावया.”

खरंच पाणी फिरलं होतं. भेगांतून आत शिरायला लागलं होतं. आल्हादनं पाकिटं भरली, पेटी मला दिली आणि मान खाली घालून बुटांकडे निघाला. आता तो पडत नव्हता. पायच आपापले बघून जात होते.

मोकळ्या पट्ट्यावर त्यानं पाऊल ठेवलं. बुटाकडे हात नेला.

आणि थांबला.

त्यानं पाऊल उचललं. परत ठेवलं. टाच फिरवली. दुसरं पाऊल बाजूच्या खऱ्या कातळावर ठेवून पाहिलं, मग पुन्हा ह्यावर.

“आजी...”

वयनी माझ्या शेजारी उभी होती. 

“आजी, हा कातळ नाही.”

तो गुडघ्यावर आला. अंगठ्याचं नख लावून खरवडलं. कातळाच्या रंगाचा पापुद्रा सुटून वर आला, चामड्यासारखा, ओला, कडेला कोवळा. त्यानं खिशातून छोटं भिंग काढलं आणि नाक जवळजवळ जमिनीला लावलं. आधी एका जागी, मग हातभर पुढं, मग आणखी पुढं. अख्ख्या पट्ट्यावर तो रांगत गेला, रांगत्या पोरासारखा.

“जिवंत आहे!” तो ओरडला. “सगळा पट्टा जिवंत आहे! शेवाळ आहे हे, तपकिरी! चिकटून पसरलंय! कुणाच्याच यादीत नाही हे, मॅडमच्याही नाही!”

मग तो उठून नाचला. खरं सांगतो, नाचला. पायातून रक्त येत होतं, कपडे चिंब, आणि हा बाप्या दोन्ही हात वर करून भाकरखडपावर नाचत होता. मीही पेटी डोक्यावर घेऊन दोन पावलं टाकली. पंचाहत्तरी ओलांडल्यावर माणसानं तेवढंच नाचावं.

धापा टाकत तो वयनीपुढं आला. “ह्याला काय म्हणता तुम्ही?”

“त्येका नाव नाय.”

“का? बाकी सगळ्यांना आहेत.”

“त्येनी माका कधी पाडल्यान नाय.”



“म्हणजे तुम्हाला माहीत होतं? पहिल्यापासून?”

“माका रोज पाय ठेवूक जागा लागता, झिला,” ती म्हणाली आणि होडीकडे चालायला लागली.

पापुद्र्याचे तुकडे त्यानं डबीत घेतले, समुद्राच्याच पाण्यात. ह्या आनंदात बूट राहिले, आणि पट्ट्यावर पाणी चढलं. होडी दहा वाव, साठेक फूट, गेली तेव्हा मला ते दिसले, एकामागोमाग एक, तरंगत, बेटापलीकडं जाताना. मी वल्हं थांबवलं.

“जाऊ दे, काका,” तो म्हणाला.

त्यानंतर महिना गेला. शिमगा आठ दिवसांवर आला. वयनी रोज संध्याकाळी कालवं फोडता फोडता गडग्यापलीकडून विचारायची, “तुझो फोन चालू आसा मा रे?”

“चालू आसा.”

“बघ हां.”

एका संध्याकाळी वाजला. मी गडग्यापाशी गेलो आणि आवाज मोठा केला, तिला ऐकू जावा म्हणून.

“काका, नऊ!” तिकडून आल्हाद ओरडत होता. “नऊची यादी! पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मंजूर! यंत्राखाली तपासलं, बाहेरच्या जाणकारांना दाखवलं, सगळे हो म्हणाले. माझी जागा राहिली, काका! आणखी तीन वर्षं राहिली! सगळी बेटं पुन्हा करायची आहेत, लक्षद्वीप, अंदमान, सगळी!”

मी म्हटलं, “आणि मॅडम?”

“मॅडमनी यादी दोनदा वाचली. नंतर म्हणाल्या, मी पण तेव्हा बूट घालूनच गेले होते रे.”

वयनीच्या हातातला टोचा थांबला. तिनं एक कालव उघडलं, आतलं मांस वाटीत टाकलं, शिंपला मागं फेकला.

“आजी आहेत का तिथं?” आल्हाद विचारत होता. “त्यांना सांगा, पाडव्यानंतर मी येतोय. ह्या वेळी बूट घेतलेच नाहीत. अनवाणीच येणार, शप्पथ!”

मी फोनवर हात ठेवला आणि गडग्यावरून वाकलो. “ऐकलंस वयनी? काय सांगू त्येका?”

तिनं पदराला हात पुसले. समुद्राकडे एकदा बघितलं. पाणी भरत होतं.

“त्येका सांग,” ती म्हणाली, “आता बूट घालून इलो तरी चलात.”