कातळजाईचे खांदे

आमच्या कातळजाईला खांदे नाहीत. मानेपासून दोन्ही बाजू तासलेल्या दिसतात. पाहुणे विचारतात, परक्या फौजेने फोडली का? नाही, गावच्याच माणसाने फोडली. ही गोष्ट माझी ताई सांगायची. चैत्रात ती गेली, आता मी सांगतो.

असे सांगतात की फार पूर्वी इथे येसा नावाची सुईण होती. तिचा धाकटा भाऊ रावजी पाथरवट, तापट. एका पौषात गावात तीन तान्ही मुले गेली. तिघांची नाळ येसाने कापली होती. ती चेटकीण आहे, अशी कुजबूज सुरू झाली.

रावजी चावडीवर भांडायला गेला. गावचा प्रमुख, गावकर म्हणाला, "बहिणीच्या चुलीवर जेवतोस, तू दुसरं काय सांगणार?"

रावजी भडकला. "मग कौल लावा. देवी सांगेल ते मला मान्य. तिची शपथ."

कौल म्हणजे देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर माणूस निर्दोष, डावी पडली तर दोषी. हे काम गुरव दार लावून करी. पण रावजीचा गुरवावर भरवसा नव्हता. "दार उघडं ठेवा. सगळ्या गावाला बघू दे," असे तो म्हणाला. दार देवीच्या डाव्या अंगाला होते.

डावी पाकळी पडली.

येसाला खिंडीपलीकडे घालवले. तिला कोणी विस्तव द्यायचा नाही, पाणी द्यायचे नाही. रावजी शपथेने बांधलेला. भाकरी घेऊन तो दोनदा वेशीपर्यंत गेला आणि परत आला म्हणे. अकराव्या दिवशी गुराख्यांना ती खिंडीत मेलेली सापडली.

तिला माती देऊन रावजी सरळ देवळात गेला. त्याने पाकळ्या लावल्या, काहीच विचारले नाही. दारातून पौषातला कोरडा वारा येत होता. डावी सुकली आणि पडली. पुन्हा लावल्या, पुन्हा डावीच. मग दार लावून बघितले. उजवी आधी पडली.

तो घरी गेला, छिन्नी-हातोडा घेऊन आला. आवाज ऐकून गाव जमले. दार उघडे असताना कोणती पाकळी पडते आणि लावल्यावर कोणती, ते त्याने काम न थांबवता सांगितले. कोणी त्याचा हात धरला नाही.

शेवटी गुरवाने विचारले, "रावजी, आता आम्ही कोणाला विचारायचं?"

"येसाला विचारायचं होतं," रावजी म्हणाला. "ती घरीच होती. मीसुद्धा विचारलं नाही."

आजही या गावात कौल लागत नाही. कोणावर आळ आला तर त्याला देवळाच्या ओट्यावर बसवतात, तांब्याभर पाणी देतात आणि बोल म्हणतात. त्याचे बोलणे पुरे होईपर्यंत गावातले कोणी उठत नाही. एकदा एक बाई संध्याकाळपर्यंत नुसती रडत बसली होती. गाव बसून राहिले.