घंटेविना गाडी

गोष्ट फार जुनी आहे. इतकी जुनी, की तेव्हा जनावरेही बोलत असत. एका नगरीत मात्र ती काय बोलतात ते कुणाला ऐकू येत नसे. ते का, हेच आधी सांगायला हवे.

ही नगरी नदीकाठी होती. घाटापासून किल्ल्याच्या दरवाजापर्यंत तिला एकच रस्ता. त्यावरून डोक्यावर पाट्या घेतलेल्या बाया चालत, घोडेस्वार दौडत, बैलगाड्या आणि घोडागाड्या धावत. रोज कुणी ना कुणी कुणाच्या तरी अंगावर जाई. शेवटी राजाने दवंडी पिटवली, “रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येकाने आवाज करावा. जो आवाज करणार नाही, तो दोषी.”

गाड्यांना घंटा लागल्या, स्वारांच्या गळ्यात शिंगे आली, पायी चालणाऱ्यांनी काठ्यांना घुंगरू बांधले.

राजाचा हेतू चांगलाच होता. पण लोकांनी त्या हुकमातून सोयीचा अर्थ काढला. आवाज केला की आपण सुटलो! मग जो तो शेजाऱ्याहून मोठी घंटा घेऊ लागला. पाय पूर्वीसारखेच मोडत राहिले. फरक एवढाच, की आता पडलेल्याला उचलण्याआधी लोक विचारत, “तुझे घुंगरू वाजत होते ना?”

घाटाजवळ एक म्हातारा गाडीवान राहत होता. स्वभावाने भित्रा, त्यामुळे त्याची घंटा सगळ्यांत मोठी, चांगली घागरीएवढी. घरातून निघाला की तो दोरी ओढायला सुरुवात करी, ती थेट किल्ल्यापाशी थांबे. घंटा घणघणत असली की त्याला कसलीच काळजी वाटत नसे.

एका बाजाराच्या दिवशी, ऐन दुपारी, त्याचा जावई किल्ल्याकडून धापा टाकत आला.

“मामा, लवकर चला! सकाळपासून ती अडली आहे. बाळ आडवं आलंय. सुईण आत्याला घेऊन या, नाहीतर दोघंही जातील.”

गाडीवानाची ती एकुलती एक लेक. सुईण शेजारच्याच घरात राहायची, पण तिचे गुडघे गेलेले. चालत जाणे शक्य नव्हते. जावयाने तिला उचलून गाडीत बसवले आणि तो बायकोकडे परत धावला. गाडीवानाने घोडी जुंपली आणि घाबऱ्याघाबऱ्या दोरीला असा हिसका दिला, की घंटा निखळून दगडावर पडली आणि दुभंगली.

गाडीवान डोक्याला हात लावून खाली बसला. “झालं! बिनघंटेची गाडी! कोतवाल घोडी काढून घेईल. आणि वाटेत कुणी चाकाखाली आलं म्हणजे?”

“कोतवाल येऊन तुझ्या लेकीचं बाळंतपण करणार आहे का?” सुईण कडाडली. “ऊठ मेल्या, हाक गाडी!”

तेवढ्यात आणखी कुणीतरी बोलले. “मालक, एक विचारू? इतकी वर्षं ही गाडी कोण चालवतं असं तुम्हाला वाटतं?”

गाडीवानाने दचकून पाहिले. त्याची तांबडी घोडी मान वळवून त्याच्याकडे बघत होती. ती तशी रोजच बोलायची. घणघणाटात त्याला आजवर ऐकू आले नव्हते, इतकेच.

“मी चालवतो,” तो म्हणाला.

“तुम्ही वाजवता. रस्ता मी बघते. आज तुम्हीही बघा, म्हणजे दोघं होऊ.”

गाडी निघाली. पहिल्या वळणावर त्याने सवयीने दोरी चाचपली. दोरीच्या टोकाला काहीच नव्हते. म्हणून त्याने लगाम खेचला आणि वाकून पलीकडे पाहिले. डोक्यावर मडक्यांची उतरंड घेतलेली एक कुंभारीण अगदी समोर होती. अशा बायांवर तो नेहमी ओरडत आला होता, “ऐकू येत नाही का गं?” आज त्याने तिच्याकडे नीट पाहिले. तिला ऐकू येत होते. डोक्यावर पाच मडकी असताना मान वळवणार कशी?

“बाई, तुम्ही व्हा आधी पुढे,” तो म्हणाला.

कुंभारीण जागीच थबकली. “अगं बाई! आज गाडीवानाला काय झालं? ऊन लागलं का?”

“त्याची लेक अडलीय,” सुईणीने आतून सांगितले. “आम्ही तिच्याकडेच निघालोय.”

“मग मला कशाला वाट देताय?” असे म्हणत कुंभारीण उतरंडीसकट भिंतीला टेकली आणि पुढच्या भाजीवालीला तिने हाक मारली, “अगं ए, पाट्या आत ओढ! गाडीवानाची लेक अडलीय!” भाजीवालीने पाट्या ओढल्या आणि पुढच्या हलवायाला सांगितले. गाडीच्या आधी बातमी धावू लागली.

चौकात समोरून एक बैलगाडी घंटा बडवत आली. गाडीवानाने हात वर केला आणि बैलगाडीवाल्याच्या डोळ्यांत पाहिले. तो बिचारा गोंधळला. त्याच्याकडे रस्त्यात कुणी कधी पाहिलेच नव्हते! त्याने मुकाट्याने बैल कडेला घेतले. आडाजवळ दोन स्वार घोड्यावरून उतरून उभे राहिले. कुणी म्हातारा वाट ओलांडत होता, त्याच्यासाठी घोडी आपणहून थांबली, आणि या वेळी मालकाने तिला चाबूक दाखवला नाही.

गाडी भरधाव सुटली नाही, पण अडकूनही पडली नाही.

कोतवालाने मात्र बिनघंटेची गाडी पाहिली होती. तो शिंग फुंकत मागे लागला. पण शिंगाकडे या नगरीत कोण लक्ष देतो! रोजचेच ते. कोतवालाचा घोडा आधी वांग्यांच्या ढिगात शिरला आणि मग हलवायाच्या परातीत.

इकडे गाडी लेकीच्या दाराशी पोचली. सुईण आत गेली. बाहेर गाडीवान भिंतीला धरून उभा राहिला.

“मालक, श्वास घ्या,” घोडी म्हणाली.

त्याने घेतला, सोडला, पुन्हा घेतला. आणि आतून रडण्याचा आवाज आला, बारीक, पण खणखणीत.

सुईण घाम पुसत दारात आली. “नात झाली तुला! आई सुखरूप आहे. आणखी जरा उशीर झाला असता, तर माझ्या हाती काही उरलं नसतं.”

गाडीवानाने घोडीच्या मानेला मिठी मारली. तेवढ्यात जिलेबीच्या पाकाने माखलेला कोतवाल आला आणि त्याने गाडीवानाला तसेच राजापुढे उभे केले.

“महाराज, याने भर बाजारातून बिनघंटेची गाडी हाकली!”

“किती माणसं चिरडली?” राजाने विचारले.

“एकही नाही, महाराज.”

“आणि तू शिंग वाजवत गेलास. तुझ्या घोड्याने?”

कोतवालाने खाली पाहिले. “वांगी, महाराज. आणि थोडा हलवाई.”

सारा दरबार हसला. राजा हसला नाही. तो गाडीवानाकडे वळला. “एवढ्या गर्दीतून तू गाडी कशी आणलीस?”

“भीत भीत, महाराज,” गाडीवान म्हणाला. “घंटा होती तेव्हा मला भीती वाटत नव्हती, वाजवलं की माझं काम संपलं, बाकी ज्याचं तो बघेल. आज वाटली. म्हणून एकेका माणसाकडे बघत आलो.”

राजा म्हणाला, “हुकूम माझा होता. चुकलोही मीच.”

दुसऱ्या दिवशी नवी दवंडी पिटली गेली. गाडीने स्वाराला वाट द्यावी, स्वाराने पायी माणसाला, आणि पायी माणसाने ओझेवालीला. पायी चालणाऱ्यांनीही इकडेतिकडे बघूनच पाऊल टाकावे. आणि ज्याला गाडी हाकायची असेल किंवा घोडा दौडवायचा असेल, त्याने आधी एकदा डोक्यावर उतरंड घेऊन हा रस्ता चालून दाखवावा. पहिली पाळी कोतवालाची लागली. त्याची तीन मडकी फुटली, पण तेव्हापासून तो कुणावर ओरडला नाही.

पुढच्या बाजारी रस्ता गच्च भरला होता, तरी माणसांना एकमेकांचे बोलणे ऐकू येत होते. जनावरांचेही येऊ लागले. बाजार संपला तेव्हा कुणाला साधे खरचटलेही नव्हते. आणि महिना सरल्यावर म्हातारा गाडीवान लेकीला आणि नातीला माहेरी घेऊन निघाला. किल्ल्यापासून घाटापर्यंत ज्या ज्या वळणावर त्याने लगाम खेचून लोकांना वाट दिली, त्या त्या वळणावर लोकांनी हसून आधी नातीचे तोंड पाहिले, मगच वाट ओलांडली. त्या दिवशी त्याला घरी पोचायला उशीर झाला. एवढ्या मानाने या रस्त्यावरून राजाही कधी गेला नव्हता.

तात्पर्य : इशारा दिला म्हणून जबाबदारी सुटत नाही, ज्याचे वाहन मोठे, त्याने आधी पाहावे आणि आधी थांबावे.