तिसऱ्या वळणावरची बाई

"काढू की ठेवू? एवढंच सांगा, बाबा."

हर्षला दारातूनच म्हणाली. चपला काढायच्या आधी प्रश्न. पुण्याहून येणारी माणसं बहुधा अशीच येतात.

रेवणबाबांनी घोंगडी पुढे सरकवली. करंजखिंडीच्या माथ्यावरच्या आमच्या मठात खुर्ची नाही.

"काय काढायचं?"

"एक बाई."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी गुपचूप चहाचं आधण ठेवलं.

हर्षलाने फोन पुढे धरला. जीपचा एक गेम होता, तिने स्वतः तयार केलेला. मी तो लगेच ओळखला. वय बावन्न, मठात वीस वर्षं झाली, आणि मी तो खेळतो. दूध तापेपर्यंत एक डाव होतो. जीप आपली आपण घाट उतरते. तिला वळवायचं नाही की काही नाही. दरोडेखोरांच्या गाड्या आडव्या येतात, त्या नेम धरून उडवायच्या. बाबांना माझा हा उद्योग माहीत नाही, असा माझा समज होता.

"चाळीस लाख लोक खेळतात," हर्षला म्हणाली. आवाजात ताठा होता. "दोन मिनिटांचा डाव. लोकांना वेळ नसतो, म्हणून मुद्दाम दोन मिनिटांचा केला."

"मग?"

"तिसऱ्या वळणावर एक बाई हात वर करून उभी आहे. मीच चितारली. लोक तिला शत्रू समजून गोळी घालतात. गुण मिळत नाहीत, मग तक्रारी करतात. ऑफिस म्हणतं, काढून टाक. संध्याकाळपर्यंत कळवायचंय."

मी चहात नको तितकी साखर टाकली. त्या बाईला मीही शेकडो वेळा उडवलं होतं. वर चिडलोही होतो, की ही मध्ये कशाला येते.

"आण बघू," बाबा म्हणाले.

जाड अंगठा, नेम कुठला लागायला! दोनदा जीप पहिल्याच वळणावर फुटली. तिसऱ्या खेपेला बाबा कसेबसे तिसऱ्या वळणावर पोचले. तिथे त्यांनी अंगठा उचलला आणि त्या बाईला हात केला.

तेवढ्यात जीप उडाली.

हर्षला हसली. "असं नाही खेळत, बाबा."

"तिनं हात केला की. कोन हाय ती?"

हर्षलाचं हसू गेलं.

"आई."

मग तीच सांगू लागली.

"मी तालुक्याला वसतिगृहात होते. दर सोमवारी गावातून वडापच्या भाड्याच्या जीपने जायचे. कुणी हात केला की वडाप थांबणारच, मग आत कितीही माणसं कोंबलेली असोत. आई पायवाटेने आमच्याआधी याच घाटाच्या तिसऱ्या वळणावर यायची आणि मला निरोपाचा हात करायची. ड्रायव्हरला वाटायचं, गिऱ्हाईक. तो थांबायचा. लोक सरकून जागा करायचे. आणि आई म्हणायची, न्हाई न्हाई, जावा तुमी. सगळे हसायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एका सोमवारी मीच म्हटलं, काका, थांबू नका. ती नुसती माझी आई आहे."

चहा उतू गेला. मला भानच राहिलं नाही.

"मग?" बाबांनी विचारलं.

"मग जीप कधी थांबली नाही. आई मात्र दर सोमवारी यायची."

"आता कुठं असती?"

"तिथेच. आता तर घरही वळणावरच आहे."

"आज येताना?"

"थांबले असते तर दोन तास मोडले असते. जेवल्याशिवाय सोडत नाही ती..." हर्षला पदर नसलेल्या खांद्याशी चाळा करत राहिली. "हॉर्न वाजवला मी. मग आरशात पाहिलं. हात वर होता."

बाबांनी पुन्हा डाव लावला. या वेळी तर पहिल्याच वळणावर आपटले. ते फोन उलटसुलट करून बघू लागले.

"ही गाडी थांबवायची कशी गं?"

"थांबत नाही, बाबा. तिला ब्रेक नाही. मीच दिला नाही."

बाबांनी फोन तिच्या हातात ठेवला. दारातून खाली तिची पांढरी मोटार उभी दिसत होती. त्यांनी मोटारीकडे बोट केलं.

"आनि त्या गाडीला?"

चहा न घेताच ती उठली. पाया पडायचंही राहिलं. पायऱ्यांवर तिची एक चप्पल निसटली, ती हातात घेऊनच पळाली. मला फार बरं वाटलं.

"अहो बाबा, पण त्या बाईचं काय? काढायची की ठेवायची, हे राहिलंच!"

बाबा कठड्याशी उभे होते. खाली मोटार घाट उतरत होती. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्यावर ती हळू झाली, आणि थांबली.

दार उघडलेलं इतक्या लांबूनही दिसलं.

बाबा वळले. माझ्या कोपरीच्या खिशाकडे, फोनच्या फुगवट्याकडे, त्यांनी नजर टाकली.

"उद्या दूध तापत ठेवशील ना... तवा तिला हात कर."