तिसरे सरोवर

वाळवंटाच्या कडेला उंट पाळणाऱ्यांची एक वस्ती होती. त्या वस्तीत एक तांबडा कुत्रा आणि त्याच्याहून वयाने मोठी अशी एक काळी कुत्री राहत असत. कुत्रा तिला ताई म्हणे. वाळूच्या टेकड्यांपलीकडे तीन सरोवरे आहेत आणि हिवाळ्यात तिथे दूरदेशीचे पक्षी उतरतात, असे त्याने उंटांच्या तोंडून ऐकले होते. तेव्हापासून त्याला चैन पडेना. शेवटी एका थंडीच्या सकाळी, ऊन जरा वर आल्यावर, दोघे निघाले.

बालमित्रांनो, हिवाळ्यातल्या वाळवंटात चालायला फार छान वाटते. वाळू पायांना गार लागते आणि ऊन पाठीला ऊब देते. पहिले सरोवर निघाले खारट. कुत्र्याने घाईघाईने जीभ लावली आणि असे तोंड वाकडे केले, की ताई हसून हसून वाळूत लोळली. दुसऱ्या सरोवराचे पाणी मात्र गोड होते. दोघे पोटभर प्यायले. पण तिथून निघताना ताईच्या पंजात सराट्याचा काटा मोडला. तिने दातांनी ओढून पाहिला. तो खोल गेला होता.

"आता मागे फिरू या," ताई म्हणाली. "हिवाळ्याचा दिवस लहान. अंधार पडला की इथे लांडगे फिरतात."

"एवढं जवळ येऊन?" कुत्रा म्हणाला. "तू इथेच बस. मी पळत जातो नि पळत येतो!"

"बरं, जा," एवढेच ती म्हणाली.

कुत्रा सुसाट सुटला. तिसरे सरोवर खरोखरच सुंदर होते. निळ्याशार पाण्यावर करकोच्यांचे थवेच्या थवे उतरत होते. "ताई, ते बघ!" तो आनंदाने ओरडला आणि वळून पाहतो तर मागे कोणीच नाही. मग त्याचे मन तिथे रमेना. तो परत फिरला, पण एव्हाना वारा सुटला होता आणि पावलांचे ठसे पुसले गेले होते. बघावी ती टेकडी सारखीच! सूर्य कलला, वाळू गारठली. "लांडगे आले तर ताई पळणार तरी कशी?" या विचाराने तो एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवर चढून तिला शोधू लागला.

तेवढ्यात दुरून भुंकणे ऐकू आले. ताईचाच आवाज! तो जिवाच्या आकांताने त्या रोखाने धावला. ताई लंगडत लंगडत एका उंच टेकडीच्या माथ्यावर चढली होती. भुंकून भुंकून तिचा घसा बसला होता.

"ताई, लांडग्यांनी ऐकलं असतं तर?" त्याने धापा टाकत विचारले.

"ऐकलं असतं खरं," ताई म्हणाली. "पण तुलाही ऐकू जायला हवं होतं ना?"

कुत्र्याची मान खाली गेली. त्याने तिचा पंजा चाटून चाटून मऊ केला आणि काटा दातांत धरून हळूच उपसला. मग तिच्या चालीने चालत दोघे वस्तीकडे निघाले.

"कसं होतं रे तिसरं सरोवर?" वाटेत ताईने विचारले.

"नीट पाहिलंच नाही," कुत्रा म्हणाला. "आता तुझा पाय बरा झाला की दोघं मिळून पाहू."

तात्पर्य : ज्याच्या सोबतीने निघालो, त्याला अडचणीत सोडून पुढे जाऊ नये. एकट्याने गाठलेल्या ठिकाणाचा आनंद अर्धाच राहतो.