विहिरीने गिळलेले शब्द

कुणाच्या आजीच्या आजीलाही आठवत नसेल, तेव्हाची गोष्ट. माळावर एक पडीक विहीर होती. तिच्यावर वाकलेल्या बाभळीला सुगरण पक्ष्यांची घरटी लोंबत होती. विहिरीची खोड मोठी भयंकर. तिच्या तोंडाशी बोललेलं ती गिळून ठेवायची आणि कधीतरी बोलणाऱ्याच्याच आवाजात बाहेर काढायची. बोलणारा मेला असला, तरीही.

पिवळी नावाचं पिल्लू पहिल्यांदा घरट्याच्या दाराशी आलं. खाली काळंभोर पाणी. शेजारच्या घरट्यात भुऱ्या नावाच्या पिल्लाची आई काळजीने ओरडत होती, "मागे हो! पडशील रे, पडशील!" पिवळीची आई मात्र म्हणाली, "उडशील गं. मी आहे." पिवळी उडाली. भुऱ्याही उडाला, पण थरथरत.

वर्षं सरली. दोघांच्याही आया गेल्या. एका दुपारी ससाणा मागे लागला, तशी पिवळी आणि भुऱ्या जीव मुठीत घेऊन विहिरीत शिरले. आत गार अंधार होता. ओल्या दगडांतून आवाज आला, "पडशील रे, पडशील!" भुऱ्याने आईला ओळखलं. त्याचे पंख आपोआप मिटले. पाणी एकदाच वाजलं.

पिवळीचेही पंख मिटू लागले. तेवढ्यात अगदी कानाशी कुणीतरी म्हणालं, "उडशील गं. मी आहे."

ती वर आली, तेव्हा ससाणा निघून गेला होता. तिच्या घरट्याच्या दारातून तिचं पिल्लू खाली वाकून बघत होतं. 'पडशील' हा शब्द तिच्या चोचीपर्यंत आला. तिने खालच्या काळ्या पाण्याकडे पाहिलं आणि तो स्वतःच गिळून टाकला.