आत्याबाईंची जांभई

एका जांभईपायी राजकन्येचं लग्न मोडायची वेळ आली होती!

तांबडगडच्या युवराजाशी तिची सोयरीक ठरलेली. मुलामुलीची पसंती झालेली. पण युवराजाला लहानाचा मोठा केला त्याच्या आत्याबाईंनी, आणि आत्याबाईंना कंटाळा फार लवकर यायचा. साखरपुड्याचा मुहूर्त निघायचा नेमका संध्याकाळचा! पहिल्या खेपेला राजकन्येच्या वडिलांनी, राजा रणधवलने, डोंबारी बोलावले. आत्याबाईंनी भर दुपारी ऐसपैस जांभई दिली आणि हुकूम सोडला, "चला रे, मेणे उचला!" वऱ्हाड आलं तसं परत गेलं. दुसऱ्या खेपेला राजाने हत्तींची झुंज लावली. हत्ती दमायच्या आत आत्याबाई कंटाळल्या. "मेणे उचला!"

आता ही तिसरी खेप. वऱ्हाड मांडवात येऊन बसलं होतं आणि राजा मुदपाकखान्यात दिवाणजींवर डाफरत होता.

"खजिन्यातून कवडी मिळणार नाही! डोंबारी नाहीत, गवई नाहीत, हत्ती तर मुळीच नाहीत! त्या बाईला रमवणं ब्रह्मदेवालाही जमायचं नाही!"

कोपऱ्यात पत्रावळींचे गठ्ठे सोडत बसलेल्या भिवराला हसू फुटलं. तिने तोंडाला पदर लावला, पण हसू काही पदरात मावेना.

"कोण हसलं?" राजा गरजला.

"मी भिवरा, महाराज. पत्रावळीवाल्या धोंडजीची लेक."

"हसायला काय झालं?"

"महाराज, पाहुण्यांना तुम्ही सकाळपासनं नुसतं बसवून ठेवता. बसून बसून म्हशीलासुद्धा जांभई येते!"

दिवाणजींनी डोळे गच्च मिटले. राजाचे विस्फारले.

"असं? मग तूच रमव त्यांना! मुहूर्ताआधी आत्याबाई उठल्या, तर तू आणि तुझा बाप, गाठोडं उचला आणि राज्याबाहेर चालते व्हा! आणि कवडी मिळणार नाही, सांगून ठेवतो!"

"कवड्या नकोत, महाराज. चिंचोके चालतील."

बोलून गेली खरी, पण डाव फसला तर थकलेल्या बापाला घेऊन जायचं कुठे? मग तिने आचाऱ्याकडून सारासाठी कोळलेल्या चिंचेचे चिंचोके ओटीत भरून घेतले आणि मांडवाकडे धाव घेतली.

मांडवात दोन्ही पक्ष सुतकात बसल्यासारखे समोरासमोर बसले होते. आत्याबाईंचं तोंड अर्धं उघडलंच होतं. भिवराने त्यापुढे मूठ धरली.

"आत्याबाई, एकी की बेकी?"

तोंड मिटलं. "काय गं हे?"

"मुठीत चिंचोके आहेत. ओळखलंत तर तुमचे. नाहीतर मांडवभर ओरडणार, वरपक्ष हरला!"

"वरपक्ष हरला? जिभेला काही हाड? बेकी!"

भिवराने मूठ उघडली. बेकीच!

"जिंकलो!" आत्याबाई गादीवर अर्ध्या उठल्या. "आता मी मूठ धरते. बोलवा त्या मुलीच्या मामाला!"

बघता बघता मांडवभर मुठी मिटू-उघडू लागल्या. तो उत्साह जरा ओसरतोय असं दिसताच भिवराने पत्रावळी वाटल्या. डोक्यावर पत्रावळ, हात पाठीशी, आणि मांडवाच्या टोकापर्यंत चालायचं! गलेलठ्ठ सरदार नव्या नवरीसारखे जपून पावलं टाकू लागले. सेनापती शिंकले आणि बाद झाले. पहिले आले भटजी! पण नंतर कळलं, त्यांनी पत्रावळ शेंडीला बांधली होती!

इतक्यात भोई आले. "आत्याबाई, दुपार कधीच सरली, उन्हं उतरली. मेणे उचलायचे का?"

आत्याबाईंच्या डोळ्यांवर तेव्हा शेला बांधलेला होता. जनावराचा आवाज काढणाऱ्याला नावानिशी ओळखायचं, असा खेळ चालला होता.

"गप बसा रे! दिसत नाही, माझ्यावर राज्य आहे?"

मांडवातल्या सिंहासनावर येऊन बसलेला राजा दचकला. "राज्य? राज्य तर माझं आहे!"

"खेळातलं, महाराज!" भिवरा म्हणाली.

तेवढ्यात कोणीतरी बारीक आवाजात म्याव केलं.

"दिवाणजी!" आत्याबाई ओरडल्या. "राजापुढे तुमचा आवाज असाच निघतो!"

मांडव हसून लोटपोट झाला. सिंहासनावर राजाचा पाय मात्र मघापासून थयथय हलत होता. भिवराने ते हेरलं. तिने बाजूला होऊन वाट मोकळी केली. झालं! राजा चवड्यांवर चालत खाली आला, छाती भरून घेतली आणि गाढवासारखा असा ओरडला, असा ओरडला, की कबुतरं उडाली आणि नदीच्या घाटावरून परटाच्या गाढवांनी साद दिली!

"छे! ही लबाडी आहे!" आत्याबाई कडाडल्या. "माणसाला असं ओरडता येणंच शक्य नाही. हे खरंखुरं गाढव आहे! मांडवात आणलं कोणी? हाकला आधी बाहेर!"

त्यांनी शेला ओढून काढला. नाकासमोर राजा!

राजाचा चेहरा लालबुंद. तो गर्रकन भिवराकडे वळला.

"तुझ्या खेळापायी भर मांडवात मी गाढव ठरलो! बोल, आता शिक्षा कोणाला करू?"

घाटावरची गाढवं अजून ओरडतच होती. भिवराने तिकडे बोट केलं.

"त्यांना करा, महाराज! इतकी वर्षं राजाचा आवाज चोरून वापरत होती, आणि आम्ही त्यांना नुसती गाढवं समजत होतो!"

राजाच्या मिशा थरथरल्या. मग पोट हललं. मग तो हसत हसत खाली जमिनीवरच बसला! आत्याबाई शेल्याने डोळे पुसत म्हणाल्या, "व्याही, असा सासरा आमच्या पोराला सात जन्मांत मिळायचा नाही!"

"अहो, मुहूर्त टळतोय!" भटजी ओरडत होते, पण ऐकतो कोण! हसण्याच्या नादात निम्मी साखर सांडली, तरी साखरपुडा वेळेवर झाला. राजाने आपला जरीचा शेला भिवराच्या खांद्यावर घातला आणि पत्रावळींच्या पानांसाठी राजवाड्यामागचं पळसाचं रान तिला इनाम देऊन टाकलं.

"दिवाणजी, दवंडी पिटवा!" तो हसू आवरत म्हणाला. "या राज्यात फौजदार पुष्कळ झाले. आजपासून ही भिवरा आमची मौजदार!"